लेकीनं बापाचं नाव काढलं

पूर्वरंग झाला. बुक्का लागला, हार गळ्यात पडला. आता सावरून बसा मंडळी. पुढे जागा आहे, या. खांबाला टेकलेल्यांनी मात्र हलू नका. "तुम्ही खांब सोडलात तर देऊळ कोण धरील?" असं याच जागेवरून कोण विचारायचं, आठवतं ना?

आठवतं. दिसतंच आहे तोंडांवर.

तर आजचा प्रश्न ऐका. सोपा आहे, म्हणूनच अवघड आहे. माणूस जातं. आपण म्हणतो, त्याचं नाव राहिलं पाहिजे. बरोबर? कुणाची ना नाही! मग मला सांगा, नाव राहिलं पाहिजे म्हणजे आपण नेमकं काय केलं पाहिजे? दगडावर कोरायचं? कोरा! दगडाला शेवाळ येतं. कमानीवर रंगवायचं? रंगवा! निवडणूक आली की त्यावर पोस्टर चिकटतं, आणि नेमका त्याच माणसाचा फोटो येतो ज्याच्याशी मयताचं उभ्या जन्मात पटलं नाही! नातवाला ठेवायचं? नातू मुंबईला जातो आणि नावाची दोन अक्षरं करून टाकतो!

मग नाव राखायचं कसं? आणि कुठं?

हे आख्यान माझं नाही. धोंडोबुवांचं आहे. माझ्या वडिलांचं. दत्तजयंतीला याच फरशीवर उभं राहून ते सांगायचे. तुमच्यातले अर्धे ते ऐकत मोठे झाले आणि उरलेले अर्धे ते ऐकत झोपले! पण शेवटचं कडवं आलं की झोपलेलेही उठायचे. कारण त्या कडव्यात एक नाव येतं. बुवा स्वतःचं घालायचे: "धोंडो म्हणे—". आणि हे आमचे इस्माईलचाचा तबल्यावर अशी एक थाप टाकायचे, की वरची कबुतरं उडायची.

मघाशी कमिटीच्या गंगाधररावांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "कुंदाताई, शेवटच्या कडव्यात बुवांचंच नाव घ्या हं. लोक त्यासाठीच आलेत." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. कडवं यायला वेळ आहे. आधी गोष्ट ऐका.

गंगेच्या काठचं एक गाव. आपली गंगा म्हणजे गोदावरी, काशीची नव्हे! गावाचं नाव काय? बुवांना कुणी असं विचारलं की ते म्हणत, "नाव सांगितलं तर तू म्हणशील, ते तिकडचं लांबचं गाव. मग आपल्याला काय त्याचं? नको, बिनानावाचंच राहू दे!"

काळ निजामाचा. गावात ठिकाणं तीन. वरच्या अंगाला दत्ताचा मठ, तिथं पूजेला गुंडोपंत. मधे चिंचेखाली दर्गा, त्याची झाडलोट, दिवाबत्ती, सगळी सेवा मुजावर बाशामियाँकडे. आणि नदीकडे उतरताना गुरुद्वारा, लहानसाच. नांदेडकडे आलेल्या शिखांपैकी काही घरं तिथं उतरली आणि तिथलीच झाली. तिथं भाई नत्थासिंग.

तिघे एका वयाचे. एकाच डोहात पोहायला शिकलेले. बाशामियाँच्या घरात दखनी बोलायचे. त्याला मराठी कुणी शिकवली? गुंडोपंतांनी! कशी? वाक्प्रचारांनी! एक वाक्प्रचार शिकवायचा, बदल्यात दर्ग्यातल्या मूठभर चिंचा घ्यायच्या, असा भाव होता! त्यामुळे बाशाला वाक्प्रचार तोंडपाठ, पण अर्थ पंतांनी सांगितला तेवढाच. हे ध्यानात ठेवा मंडळी. बुवा इथं थांबून म्हणायचे, "ही चिंच मी आत्ता खिशात टाकतोय, शेवटी काढीन!"

तर अशा त्या गावात एके दिवशी एक माणूस आला. एका खांद्यावर सुताच्या दोरीचं वेटोळं, दुसऱ्या खांद्यावर लहानगी मुलगी. धंदा कोणता? बाज विणायचा. पोरांनो, बाज म्हणजे तुमच्या ढाब्यावरची खाट! तेव्हा घराघरात असायची. बाळंतीण बाजेवर, म्हातारा बाजेवर, नवरदेव बाजेवर. उसं म्हणजे डोक्याकडची बाजू, पायथा म्हणजे पायाकडची. माणूस जन्मतो बाजेवर आणि शेवटी कुरकुरतोही बाजेवर. बाज त्याच्याबरोबर कुरकुरते, तेवढीच सोबत!

गुंडोपंतांनी विचारलं, "नाव काय तुमचं?"

तो म्हणाला, "हाक मारायची असेल तर बाबा म्हणा."

आता आली का पंचाईत! बाबा तर दर्ग्यातही असतो, गुरुद्वारातही असतो, आणि आपल्याकडे तर घरोघरी एकेक असतो! बाबावरून काय कळणार? कपाळावर काही नाही. डोक्याला मुंडासं, पण मुंडासं सगळेच बांधत. मग पंतांनी मुलीला गाठलं. "बाळ, तुझं नाव काय?" ती म्हणाली, "चंदा." घ्या! चंदाबाई आपल्यात आहे, चंदाबी त्यांच्यात आहे, चंदकौर तिकडे आहे! आणि मागचे लोक, दचकू नका. चंदा मुलीचं नाव आहे, वर्गणी नव्हे!

बाज विणायला दोघं लागतात. एक दोर ओवतो, दुसरा ताणून धरतो. बाप ओवायचा, लेक ताणायची. आणि विणताना तो गायचा. रचलेलं कुणाचं? त्याचंच. ऐका—

*उसं कोणीकडे, पायथा कुठला*
*निजल्या जिवाला ठावे नाही*

*एक ताणी दोर, दुजा देई गाठ*
*तिसऱ्याची पाठ सुखावते*

*नाना नावे हाका, दार एक वाजे*
*आत जो विराजे, तोच ओ दे*

मठात लोक म्हणाले, अहो, हे तर आपलं अद्वैत! दर्ग्यात म्हणाले, यह तो हमारी बात है! गुरुद्वारात नत्थासिंग डोळे मिटून म्हणाला, "वाहेगुरू, वाहेगुरू." तिघेही खूश, आणि प्रत्येकाला वाटलं, गाणं आपल्यालाच उद्देशून आहे. चांगल्या गाण्याचं हेच असतं. ते गर्दीत उभं राहून एकेकाला खुणावतं.

पण शेवटचं कडवं? तिथं त्या माणसाची रीत वेगळी होती. ते कडवं तो गायचाच नाही! बाज पुरी झाली, पायथ्याची दोरी करकचून ताणली, की तो घरच्या माणसाला म्हणायचा, "बसा." माणूस बसायचं. "आता शेवटचं कडवं तुम्ही म्हणा. आणि त्यात नाव तुमचं घाला."

*कोणी म्हणे माझी साक्ष आहे याला*
*मीच हाक त्याला मारियेली*

'कोणी'च्या जागी तुमचं नाव! का? कारण साक्ष आहे ती. दुसऱ्याच्या नावानं साक्ष देता येते का? कोर्टात विचारून बघा!

आणि गंमत अशी, की ओळीत जागा दोनच अक्षरांची. मोजा बोटांवर. गुंडोपंत बाजेवर बसले आणि लागले गायला, "गुंडोपंत म्हणे—". अडखळले! ओळ लंगडली! बाबा हसून म्हणाले, "पंत, अक्षरं फार होतात. 'पंत' तेवढा बाहेर ठेवा, चपलेपाशी." मग बसलं, "गुंडो म्हणे." बाशामियाँचं तेच. मियाँ बाहेर, बाशा आत. नत्थासिंगाचं सिंग बाहेर, नत्था आत. तिघांनाही पहिल्यांदा जरा उघडं-उघडं वाटलं. मग बरं वाटायला लागलं. पोहायला शिकताना याच नावांनी हाका मारत होते की!

त्या गावचा एक पाटील होता. त्यानं धाकट्या भावाला घराबाहेर काढलं होतं. त्याच्या वाड्यावर बाज विणून झाली. पाटील ऐटीत बसला. नाव घातलं. "मीच हाक त्याला—" इथं येऊन आवाजच बसला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडला. बायको दारातून म्हणाली, "पाणी देऊ?" पाटील म्हणाला, "पाणी नको. गणप्याला बोलाव." बायको म्हणाली, "मी नाही. गाण्यात म्हटलंय, मीच." उठला आणि भावाच्या झोपडीशी जाऊन स्वतः हाक मारून आला. मग कुठं कडवं पुरं झालं!

अहो, "त्याला" म्हणजे कुणाला? देवाला की भावाला? गाण्यात लिहिलेलं नाही. ज्यानं त्यानं आपलं बघावं.

आता चंदाकडे या. ती मोठी होत होती. सगळं गाव बापाला बाबा म्हणत होतं, तीही बाबा म्हणत होती. एकदा दोर ताणून धरलेला असताना ती म्हणाली, "बाबा, तुमचं नाव काय हो?"

"बाबा."

"ते सगळ्यांचं झालं. तुमचं?"

बाप थांबला. दोर सैल पडला, त्याचं त्याला भान नव्हतं. मग तो उठून तिच्याजवळ आला आणि तिच्या कानात नाव सांगितलं. दोन अक्षरांचं होतं. ओळीत बसलं असतं.

"लोकांना का नाही सांगत?"

तो म्हणाला, "चंदे, ते नाव ऐकलं की लोकांना वाटेल, मला ओळखलं. मग गाणं कशाला ऐकतील?"

"मी सांगू कुणाला?"

"कान तुझा, तोंड तुझं. मी गाठ मारून ठेवत नाही."

पाहा! बंधन नाही, शपथ नाही. मोकळं सोडलं. माणसाला मोकळं सोडलं की त्याच्यावर किती ओझं येतं!

वर्षं गेली. एका श्रावणात गंगेला पूर होता. पलीकडच्या तीरावर एक बाई अवघडलेली होती, बाज मोडली होती. बाबा नावेतून गेले, बाज विणली आणि दिवस मावळायच्या आत परत निघाले. चंदा घाटावर उभी. मठातली माणसं आरतीची तयारी टाकून आलेली, दर्ग्यातली आलेली, गुरुद्वारातली आलेली. नाव मध्यावर आली. ओंडका आला. नाव फिरली.

काठावरून एकच आरडाओरडा, "बाबा! बाबा! बाबा!" सगळे तेच ओरडत होते. चंदेला वाटलं, एवढ्या बाबांमध्ये माझी हाक त्यांना कशी कळेल? म्हणून तिनं आयुष्यात पहिल्यांदा बापाला नावानं हाक मारली. ते दोन अक्षरांचं नाव. छाती फुटेस्तोवर.

पुराचा आवाज असा होता, की शेजारी उभ्या असलेल्या नत्थासिंगालाही ते ऐकू आलं नाही. त्याला तिचं उघडं तोंड तेवढं दिसलं.

ओ आली नाही.

नावाडी कसाबसा काठाला लागला. बाबा मिळाले नाहीत. गंगेनं गावाला कुठलाच प्रश्न शिल्लक ठेवला नाही. जाळायचं की पुरायचं, काही नाही.

इथं बुवा क्षणभर थांबायचे. झांज पोटाशी धरायचे. मी लहान असताना इथं पहिल्या रांगेत बसायचे, आणि मला वाटायचं, बाबा ओळ विसरले! मी खालून ओठ हलवून दाखवायचे. त्यांनी कधी खाली पाहिलं नाही.

तर मंडळी, पुढे ऐका.

दुःख ओसरलं की माणसाला कर्तव्य आठवतं आणि तिथून भांडणं सुरू होतात! मठातले म्हणाले, बाबा होते तोवर आपली नावं घालत होतो, ठीक. आता ते गेले. आता त्यांचं नाव घालायला हवं, नाहीतर जगाला कळणार कसं? हेतू चांगला हो! प्रेमच होतं ते! पण नाव कुणाला ठाऊक? मठात गायला लागले, "नाथ म्हणे." दर्ग्यात कानावर आलं. ते म्हणाले, नाथ? आमच्या अंगणात बसून गेलेला माणूस नाथ? ते गायला लागले, "शाह म्हणे." गुरुद्वारात ऐकलं. "भाई म्हणे." झालं! एका गाण्याची तीन झाली. पूर्वी दर्ग्यात गाणं सुरू झालं की मठाच्या पायरीवरचा माणूस ठेका धरायचा. आता उठून आत जायला लागला. उरुसाला पंत गेले नाहीत, लंगरला बाशा गेला नाही. चिंचा पिकून गळून गेल्या. कुणी वाक्प्रचार शिकवायला नाही, कुणी शिकायला नाही.

चंदा आता एकटीच बाज विणत होती. दोराचं दुसरं टोक खुंटीला बांधून. एका घरी विणत असताना त्या घरची चिमुरडी गोदी बाजेवर चढून बसली आणि लागली गायला, "गोदी म्हणे माझी साक्ष आहे याला—". आई धावत आली, फाडकन् एक ठेवून दिली. "तुझं नाव कशाला घालतेस गं? नाथ म्हण!" पोरगी हुंदके देत म्हणाली, "नाथ म्हणे." आणि पुढची ओळ विसरली.

चंदेनं त्या दिवशी बाज अर्धी टाकून घर गाठलं.

संध्याकाळी अंगणात तिघे हजर! गुंडोपंत, बाशामियाँ, नत्थासिंग. येताना तीन वाटांनी आले, दारात एकमेकांना दिसले आणि परत जाणं बरं दिसेना!

पंत म्हणाले, "चंदे, तुला ठाऊक आहे. तू लेक त्यांची. नाव सांग. माझी खात्री आहे ते आमचेच होते. मठापुढून जाताना जोडे हातात घ्यायचे."

बाशामियाँ म्हणाला, "अरे पंत, मठापुढं काटे पडतात तुझ्या बाभळीचे! जोडे फाटू नयेत म्हणून काढले असतील! बेटी, ते बाजेला पहिली गाठ मारताना बिस्मिल्ला म्हणत होते, मी ऐकलंय."

"ते पुटपुटत होते! श्रीगणेशाय असेल!"

नत्थासिंग म्हणाला, "तुम्ही दोघं भांडा. पण बाबा जेवत कुठं होते? लंगरमध्ये! बाकी सगळं ऐकीव आहे, जेवण मी वाढलेलं आहे."

पंत म्हणाले, "जेवायला तर बाशाही येतो! तो काय शीख झाला?"

बाशा म्हणाला, "तू नाही येत? मागच्या दारानं?"

चंदा हसली. वर्षभरात पहिल्यांदा हसली म्हणतात.

मग पंत गंभीर झाले. "हे बघ पोरी, आता तिघांच्या देखत ठरवू. वर्षश्राद्ध म्हण, बरसी म्हण, काय म्हणायचं ते म्हण, त्या दिवशी घाटावर सगळं गाव जमेल. तू नाव सांग. ते ज्यांचे ठरतील त्यांच्याकडे गाणं राहील. बाकीचे दोघं पुन्हा ते गाणार नाहीत. आणि तू नाव नाही सांगितलंस, तर बापाचं नाव बुडेल."

चंदा म्हणाली, "नाव तर बुडालीच, काका."



आता मला सांगा मंडळी, त्या पोरीनं काय करावं? नाव सांगावं, तर बापाचं नाव जगात राहील. तिला ते नको होतं का? तिच्याइतकं कुणाला हवं होतं? रोज रात्री निजताना ती ते नाव मनात म्हणायची, विसरू नये म्हणून. ती गेली की ते नाव जाणार. पृथ्वीवर दुसऱ्या कुणाच्या कानात ते नाही! पण सांगावं, तर दोन अंगणांतून गाणं उठणार. आणि ज्या अंगणात राहील, तिथंही गोदी आपलं नाव घालू शकणार नाही. नाव राहील, आणि बाप? बाप राहील का?

तो दिवस आला. घाट भरला. तीन घोळके, मधे रिकामी जागा. आणि चंदा डोक्यावर एक बाज घेऊन आली! अर्धी विणलेली. त्यांच्या घरचीच. बाजवाल्याच्या घरची बाज कायम अर्धी, कारण रोज दुसऱ्याचं काम घाईचं! बापानं सोडली तिथून तिनं विणायला घेतलं. पण दोर ताणायला कोण? तिनं मान वर केली. "कुणीतरी धरा."

नत्थासिंग पुढे झाला. सवयीनं. एकट्याला ओढ जमेना, तर बाशा आला. पंत उभेच होते. बाशा म्हणाला, "पंत, दोर धरल्यानं नाव ठरत नाही. धर!" पंतांनी धरला.

बाज पुरी झाली. पायथ्याची दोरी करकचून ताणली गेली. आणि चंदा त्या बाजेवर बसली. घरचं माणूस तीच. तिनं पहिलं कडवं म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसरं म्हटलं. सगळा घाट कान झाला. आता नाव येणार! तिघांचेही ओठ हलायला लागले. नाथ, शाह, भाई.

*चंदा म्हणे माझी साक्ष आहे याला*
*मीच हाक त्याला मारियेली*

स्वतःचं नाव! ओरडून नव्हे. साध्या आवाजात. पण "मीच हाक त्याला" म्हणताना तिनं नदीकडे पाहिलं, आणि नत्थासिंगाला ते वर्षापूर्वीचं उघडं तोंड आठवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि गुंडोपंत? संतापले! बोट नाचवत पुढे आले. "काढलंस! चंदे, बापाचं नाव काढलंस! ओळीतून बापाचं नाव काढलंस गं!"

मंडळी, चिंच! आठवते ना खिशातली चिंच? बाशामियाँला तो वाक्प्रचार पाठ होता. लहानपणी पंतांनीच शिकवला होता, मूठभर चिंचा घेऊन. आणि अर्थ? पंतांनी सांगितला तेवढाच! बापाचं नाव काढणं म्हणजे लेकरानं बापाला शोभेल असं करणं, बापाचं मोठेपण राखणं. दुसरा अर्थ त्याला ठाऊकच नव्हता! त्याला वाटलं, पंत कौतुक करतोय! वर्षभराचा रुसवा टाकून, दोन्ही हात वर करून तो ओरडला, "सही बोललास गुंडो! काढलं! पोरीनं बापाचं नाव काढलं! या अल्ला, काय नाव काढलं!" आणि रडायलाच लागला.

सगळा घाट ते ऐकत होता. मागच्यांना पंतांचा राग दिसलाच नव्हता. त्यांनी बाशाचं ऐकलं आणि तेही म्हणायला लागले, "नाव काढलं, लेकीनं नाव काढलं!" बायका तर चंदेची दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडायला लागल्या!

आणि पंत मधे उभे. बोट हवेत. शब्द स्वतःचे, जसेच्या तसे. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. त्यांना बाशाची चूक सुधारता आली असती. "अरे, मला तसं नव्हतं म्हणायचं!" तोंड उघडलंही त्यांनी. बाशाकडे पाहिलं. गालांवरून ओघळ चाललेले, आणि चेहरा त्या चिंचा देणाऱ्या पोराचा. पंतांनी बोट खाली घेतलं.

म्हणाले, "हो रे बाशा. तेच म्हणतोय मी. काढलं पोरीनं."

मग ते खाली वाकले. पायातला जोडा काढला, बाजूला ठेवला. बाजेच्या कडेला चंदेशेजारी टेकले. आणि म्हटलं, "गुंडो म्हणे..."

मागे बाशा. मागे नत्था. मग ती गोदी आईच्या कडेवरून उतरून आली, आणि या वेळी तिला पुढची ओळ आठवली. दिवे लागेपर्यंत एकेक जण बसत होता. बाज करकरत होती, पण मोडली नाही. विणलेली कुणाची होती!

ते खरं नाव? चंदा म्हातारी होऊन गेली. कुणाला सांगितलं नाही. गेलं ते नाव तिच्याबरोबर. गाणं राहिलं.

तर मंडळी, प्रश्न काय होता आपला? नाव राखायचं कसं, आणि कुठं?

मला हे आख्यान इतक्यांदा ऐकून पाठ होतं, पण एक गोष्ट मला यंदा कळली. बुवा दरवर्षी "धोंडो म्हणे" म्हणायचे, तेव्हा मला वाटायचं, ते आपलं नाव मिरवतात. अहो, ते मिरवत नव्हते! ते सही करत होते. दरवर्षी नवी. गेल्या वर्षीची सही यंदा चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. एका वर्षी खोकला होता तरी केली. शेवटच्या वर्षी उभं राहवत नव्हतं, इस्माईलचाचांच्या खांद्यावर हात ठेवून केली. चाचांनी एकाच हातानं ठेका धरला होता. तुम्ही पाहिलंय ते.

आणि आज गंगाधरराव म्हणतात, बुवांचं नाव घ्या. गंगाधरराव, तुमचं प्रेम मला कळतं. मलाही तेच हवं होतं. घरून निघताना मी तेच म्हणत निघाले होते, "धोंडो म्हणे, धोंडो म्हणे." सुंदर बसतं ओळीत. पण धोंडो आता साक्ष द्यायला उभे नाहीत. त्यांच्या नावानं मी साक्ष दिली, तर ती खोटी साक्ष होईल, आणि याच जागेवर होईल.

म्हणून माझा बाप ज्या ओळीत वर्षानुवर्षं उभा राहिला, त्या ओळीतून आज मी त्यांचं नाव काढते. कुठल्या अर्थानं काढते, ते बाशामियाँ ठरवतील.

आणि तुम्ही? तुम्ही नुसतं ऐकून घरी जाल? तुमच्या मागं तुमचं नाव राहावं म्हणून कमान बांधाल, की ज्याला हाक मारायची राहिली आहे, त्याला आज हाक माराल? वाड्यातून ज्याला बाहेर काढलंय, त्याला? बांधावरच्या भावाला? उरुसाला जायचं बंद केलंत, त्या शेजाऱ्याला? हाक मारली असेल तरच कडवं म्हणा. नाहीतर ठेका धरा, तेवढंही पुष्कळ. आणि म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, जागा दोनच अक्षरांची आहे. पाटील, साहेब, सर, ताई, जे काही मागं चिकटलं असेल, ते बाहेर, चपलेपाशी ठेवा.

हाक मारली होती मी. दवाखान्यात, "बाबा" म्हणून. ओ आली नाही. पण हाक मारली होती, तेवढी साक्ष मी देऊ शकते.

चाचा, काळी एक धरू या. त्यांचीच पट्टी. सूर त्यांचा चालेल, नाव चालणार नाही.

*नाना नावे हाका, दार एक वाजे*
*आत जो विराजे, तोच ओ दे*

*कुंदा म्हणे माझी साक्ष आहे याला*
*मीच हाक त्याला मारियेली*

चाचा, थाप. कबुतरं वाट बघताहेत.